माझ्या सावलीला घाबरा

उम्म अल कुवेनच्या खाडीकडेला शेड नंबर चार.
सकाळी सहाला मी टाकीवर वाकलो
की पाणी आधी उकळतं, मग दिसतात तोंडं.
अकराशे गोबरे, इथले लोक हमूर म्हणतात,
बोटाएवढे होते तेव्हापासून
माझ्या मुठीकडे बघत वाढलेले.

बोटाएवढे असताना एकमेकांना गिळायचे.
दर तिसऱ्या दिवशी मी चाळायचो,
मोठे इकडे, बारके तिकडे.
तरी एखाद्या सकाळी
एकाच्या तोंडातून दुसऱ्याचं शेपूट बाहेर,
आणि दोघंही मेलेले.

आता डॉक्टर तिजानींनी फळ्यावर तारीख लिहिलीय,
नोव्हेंबरची, अमावास्येच्या आधीची.
खाली लिहिलंय:
कुबल, लाडावलेस तू यांना. आता निस्तर.

गोळ्या बंद.
दोन दिवस कडकडीत उपास,
मग जिवंत कोळंबी, तीही रात्री, नळीतून,
कोणी भरवतंय हे कळू नये म्हणून.
पहिल्या रात्री कोळंबी त्यांच्या नाकासमोरून चालत गेली
आणि ते वर बघत राहिले,
छताकडे, जिथून मी यायचो.

गुळगुळीत निळ्या भिंतींत वाढलेल्यांना
लपायचं म्हणजे काय ते ठाऊक नाही.
मफीजने फुटके माठ सोडले,
पाइपाचे तुकडे, खारफुटीची मुळं.
आठवडाभर ते सगळ्याला वळसा घालून फिरले,
पाहुण्यांच्या घरात चप्पल कुठे काढावी
न कळणाऱ्या पोरासारखे.

मग काचेपलीकडे त्यांची आई आणली.
टाकी एकमधली, अकरा किलोची, जिची अंडी मीच गाळली होती.
एक मेलेलं पिल्लू खलात वाटून
ते पाणी इकडे ओतलं, आणि पडदा वर.
तीन दिवसांत शिकले.
आई दिसली की माठात.

शेवटचा धडा माझा.
सहाला वाकायचं, रोजच्यासारखं,
आणि तोंडं वर आली
की डोलच्याची काठी पाण्यावर आपटायची.
पहिल्या दिवशी हात उचलेना.
डॉक्टर मागे उभे होते, काही बोलले नाहीत,
नुसतं घड्याळ बघितलं.

फोनवर बाबा म्हणाले,
"माशे सोडुक पगार गावता?"
गावता, म्हटलं.
"चाळीस वर्सां रापण ओढली मी,
धरूचो पगार कोणी दिल्यान नाय."
मग बराच वेळ आचऱ्याचा वारा ऐकू येत राहिला.

खुणेचे दोरे बांधायच्या दिवशी
बादलीत लवंगेचं तेल, थेंब मोजून.
मासे गुंगतात, कलतात, तळहातावर निमूट पडून राहतात.
पाठीत सुई, पिवळा दोरा, नंबर.
शेडभर आईच्या दाढदुखीचा वास.
सातशे बाराव्याने मध्येच डोळा फिरवला माझ्याकडे,
का कोण जाणे, मी म्हटलं, झालं हां, झालं.

पहाटे खलफानच्या होडीतून नेले.
पिशव्या अर्धा तास समुद्रात तरंगत ठेवल्या,
आतलं पाणी बाहेरच्याइतकं गार होईतो.
खलफान सत्तरीचा, उभा राहून सिगारेट ओढत होता.
म्हणाला, माझ्या लहानपणी
हे न मागता यायचे.

तोंडं सोडली.
थोडा वेळ कोणीच बाहेर पडेना.
मग एक, मग दहा, मग खाली नुसता काळोख.
एकटा परत आला,
होडीच्या सावलीत, माझ्या अगदी खाली, तोंड वर करून.
खलफानने माझ्याकडे बघितलं.
मी वल्हं घेतलं आणि जिवाच्या आकांताने
पाण्यावर हाणलं.

आता शुक्रवारी मासळीबाजारात जातो.
हमुरांच्या पाठी बघत फिरतो,
पिवळा दोरा दिसावा की दिसू नये,
ते माझं मलाच ठरवता येत नाही.
विक्रेता विचारतो, किती किलो?
नुसता बघतोय, म्हणतो मी,
आणि आणखी वाकतो.
माझी सावली बर्फावर पडते.
एकही हलत नाही.