मधलं काम

निपाणीत, बँकेसमोर,
मगदूमच्या सायकल दुकानाच्या फळीवर मी बसतो.
बत्तीस वर्षं आत बसलो, आता बाहेर.
आत पंखा होता, एवढाच फरक.
अर्ज कानडीत लागतो, रडू मराठीत येतं,
मधलं काम माझं.

आक्काताई कोगनोळे आली ती उभीच राहिली.
पदराला तंबाखूचा वास,
पासबुक उघडं धरलेलं,
ठेचलेलं बोट धरतात तसं.
चार ओळी. चार वेळा पैसे गेलेले,
चारही वेळा तिच्याच अंगठ्यानं,
ती जन्मात गेली नाही अशा गावातून.

तिनं अंगठा माझ्या चष्म्यापुढं आणला.
चाळीस वर्षं विड्या वळून रेषा झिजलेल्या,
वेदगंगेतल्या गोट्यासारखा गुळगुळीत.
"रेशनचं मशीन मला वळखत न्हाई ओ.
तीनतीनदा पुसून ठेवतो, तरी लाल दिवा.
त्या चोराला बरं वळखलं?"

मी कार्बन पेपर सरळ करत बसलो.

मग विचारत गेलो. कुठं, कधी, कुणाला दिला अंगठा?
घरकुलाचा फॉर्म भरायला एक पोरगा आलेला.
पाणी मागून प्याला.
अंगठा उठेना तेव्हा खोबरेल मागितलं,
बोटाला चोळत म्हणाला, मावशी, आता उठंल बघा.
"इतक्या मायेनं माझा हात
कुणी धरलाच नव्हता," ती म्हणाली,
आणि हे मी अर्जात लिहिलं नाही.

रेशनकार्डावर ती अक्कताई,
विडीच्या कार्डावर आक्काताई,
बँकेत, कुणाच्या घाईनं कोण जाणे, आकाताई.
(कदाचित माझ्याच. अक्षर माझं वाटतं.)
तिघींतली लुटली गेली कोण, ते अर्जात आधी ठरवायचं.
चोराला तिघीही चालल्या होत्या.

बेळगावच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "आधार तोरस्री."
तिनं कार्ड काढलं, दोन्ही हातांत धरलं,
आकड्यांवर बोटं आडवी ठेवून.
फोटो दिसत होता, नाव दिसत होतं, बास.
कंडक्टर क्षणभर थांबला,
मग बायकांचं शून्याचं तिकीट त्यानं तिच्या मांडीवर ठेवलं.
मी माझे पैसे दिले.
संकेश्वर गेलं, हत्तरगीचा टोलनाका गेला,
ती काकतीपर्यंत ते तिकीट वाचत होती,
म्हणजे त्यावरचं शून्य.

पोलीस बाई गोकाककडची, मराठीचा गंध नाही.
तक्रार लिहिता लिहिता तिनं मान वर केली:
"अज्जी, ऊटा आयता?"
"आयतु," आक्काताई खोटंच बोलली.
तेवढ्यासाठी मी लागलो नाही.

सात महिन्यांनी नऊ हजार परत आले.
बाकीचे चौकशीत आहेत.
चौकशीत म्हणजे कुठं, असं ती अजून विचारते,
चौकशी हे एखादं गाव असावं तसं.

एक सांगायचं राहिलं, पहिल्याच दिवसाचं.
मी म्हटलं, अंगठ्याला कुलूप घालता येतं.
"आन किल्ली?"
तुमच्याकडं. फोनवर सहा आकडे येतील,
ते कुणालाही सांगायचे नाहीत.
आकडे तिला येतात, विड्या मोजून मोजून आलेत.
"कुनालाच न्हाई?"
कुणालाच नाही.
"तुमास्नी बी न्हाई?"
मलाही नाही.

फोन वाजला.
तिनं माझ्याकडं पाहिलं, जरा अवघडली,
आणि पाठ फिरवून उभी राहिली,
पदर ओढून, फोन छातीशी,
एकेक आकडा दाबत.

मी रस्त्याकडं बघत होतो.
मगदूम ट्यूब पाण्यात बुडवून
कुठून हवा जाते ते शोधत होता.