अतिक्रमण

तक्रार एका ओळीची होती:
बिस्त्रिकच्या चढावर, तिसऱ्या वळणाला,
सार्वजनिक जागेत खासगी खुर्ची.
स्वयंपाकघरातली, निळी, एक पाय जरा आखूड,
दिव्याच्या खांबाला सायकलच्या साखळीने बांधलेली.
मला पाठवलं ती उचलून आणायला.

सकाळचे सात. सारायेव्हो खाली धुक्यात.
मी पिशवीतून कात्री काढणार
तेवढ्यात एक म्हातारा आला, बगलेत गरम पाव.
बसला. चार मिनिटं. गेला.
मग एक पोटुशी बाई, तिच्यामागे टपालवाला,
त्याने नुसताच थैला टेकवला.
शाळेची पोर, बुटाची नाडी बांधायला एक पाय वर.
मी वहीच्या मागच्या पानावर रेघा ओढू लागले,
दर पाचवी रेघ आडवी.
दुपारपर्यंत सदतीस.

आमच्या नकाशात हा चढ म्हणजे
एकमेकींना खेटलेल्या तपकिरी रेषा.
रेषांना धाप लागत नाही.
दवाखाना खाली, बाजार खाली, ट्राम खाली,
माणसं तेवढी वर.
आम्ही अंतर मीटरमध्ये लिहितो,
इथे ते दमांत मोजतात:
पहिला दम मशिदीच्या भिंतीशी,
दुसरा शिंप्याच्या बंद दुकानाच्या पायरीवर,
तिसऱ्याला जागाच नव्हती.

"कापायची तर काप," वरच्या खिडकीतून आवाज आला,
"पण आधी कॉफी घे."

झुमरेताबाईंच्या टेबलाभोवती तीन निळ्या खुर्च्या होत्या.
मी विचारलं, पालिकेकडे बाक का नाही मागितलात?
त्या बराच वेळ साखरेचा खडा कॉफीत बुडवत राहिल्या.
"बाक होता तिथे. बीचच्या लाकडाचा, जाडजूड.
वेढ्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात
मी आणि मुनीबने रात्री करवतीने कापला.
एका रात्री सूप झालं,
दुसऱ्या रात्री नुसती ऊब.
गल्लीला माहीत होतं. कुणी विचारलं नाही.
आता सांग, जे मी जाळलं
ते मागू कुठल्या तोंडाने?"

अहवालात मुनीब आला नाही, करवतही नाही.
मी फक्त रेघा मोजून लिहिल्या,
आणि खाली: बाक हवा.

वसंतात बाक आला. कचेरीतल्या कुणीतरी
मन लावून काढलेला. गुळगुळीत काँक्रीट,
पाठ नाही, हात नाहीत, तोंड दरीकडे.
छायाचित्रात फार देखणा.
झुमरेताबाई बसल्या
आणि त्यांना उठवायला दोघं लागले.
"बसायला काय, माणूस जमिनीवरही बसतो," त्या म्हणाल्या,
"उठता आलं पाहिजे."
माझी टेप घेऊन त्यांनी स्वतःचा गुडघा मोजला.
अठ्ठेचाळीस. लिही.
दोन्ही बाजूंना धरायला हात. लिही.
"आणि ते तोंड फिरवा. दरी पुष्कळ पाहिली आम्ही,
दरीनेही आम्हाला पाहिलं.
रस्ता दिसू दे. कोण येतंय ते कळू दे."

साहेब म्हणाले, एका बाईच्या गुडघ्यावरून
शहराचं माप ठरत नाही.
मी म्हटलं, मग कुणाच्या ठरवायचं?
म्हटलं नाही खरं तर. नंतर, ट्रामच्या थांब्यावर सुचलं.
मी फक्त अर्ज पुन्हा पाठवला. आणि पुन्हा.

दुसरा बाक यायला ऑक्टोबर उजाडला.
साखळीची किल्ली झुमरेताबाईंच्या गळ्यातच होती.
खुर्ची मी उचलली, त्या पुढे,
घरापर्यंत जेमतेम शंभर पावलं,
पण ती पावलं भिंतीसारखी उभी.
साठाव्या पावलाला मी खुर्ची खाली ठेवली.
आखूड पाय दगडाशी खटखटला, मग स्थिर झाला.

मी बसले.
त्या काठीवर रेलून थांबल्या, घाई न करता,
आणि रेघ ओढायला
वही नेमकी जवळ नव्हती.