डेपोतली नवी

पावणेचारला उठते. हॅलिफॅक्स झोपलेलं असतं.
नवरा माझ्याआधी उठून पोहे परततो,
म्हणतो, एकतीस वर्षं तू केलंस, आता मी,
आणि मीठ विसरतो.
मी सांगत नाही.

सत्तावन्नाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी.
शिकवणारा डॅरिल एकोणतीसचा, मानेवर गोंदवलेलं कोळिष्टक.
"आरसे बघ, आरसे. पुढचं आपोआप दिसतं,
मागचं बघावं लागतं."
बाळा, हे मला सांगतोस?
बिल्ल्यावरच्या नावाचा अर्थ त्याने विचारला.
उल्का म्हणजे आकाशातून पडणारा दगड, म्हटलं.
तो जरा थांबला. "उतारावर असताना
हे पॅसेंजरना सांगू नकोस."

याआधीचं माझं जग एका गोल भिंगाखाली मावायचं.
हॉस्पिटलचं तळघर, काचेची पट्टी,
तिच्यावर जांभळ्या रंगात बुडवलेलं परक्यांचं रक्त.
पांढऱ्या पेशी मोजायच्या, अंगठ्याखाली बटण,
शंभर झाल्या की यंत्र म्हणायचं, टिंग.
कुणाचं काय बिनसलंय ते मला कळायचं
त्याच्या डॉक्टरच्या आधी, त्याच्या बायकोच्या आधी,
आणि त्याला मी ओळखतही नसे.
एकतीस वर्षांत एकही चेहरा नाही.

मग लॅब लीड्सला हलली.
आम्हाला केक दिला, आणि पाकीट.

लेक म्हणाली, "आई, बस? खरंच, बस?"
सांगलीची बहीण फोनवर आधी गप्पच झाली,
मग म्हणाली, "एमएस्सी ना गं तू?"
सांगलीत आता मी ट्रान्सपोर्टमध्ये आहे.
खोटं नाही ते. चांगलं अकरा टनांचं ट्रान्सपोर्ट आहे.

पहिल्या परीक्षेत नापास झाले.
सॉवरबी ब्रिजच्या वळणावर मागचं चाक फुटपाथला लागलं,
अगदी अलगद,
म्हशीनं गोठ्याच्या खांबाला अंग घासावं तसं.
परीक्षक बोलला नाही, नुसतं लिहिलं.
घरी येऊन रडले नाही. शेगडी घासली,
सकाळीच घासलेली होती ती.

दुसऱ्या खेपेला पास.

आता समोर केवढी मोठी काच,
आणि काचेपलीकडे माणसं, अख्खीच्या अख्खी.
किंग क्रॉसला चढणाऱ्या आजीबाई
नाणी एकेक करून काढतात, प्रत्येकाला निरोप दिल्यासारखं.
केअर होमची रात्रपाळी करून आलेली मुलगी
पहिल्याच सीटवर झोपते, तिचा स्टॉप मला पाठ आहे.
एखाद्याचे डोळे पिवळट दिसतात,
जुनी खोड मान वर काढते: याचं लिव्हर बघायला हवं.
मग तिकीट देते.
कधी कधी एवढंच म्हणते, डॉक्टरकडे जाऊन आलात का?
हे नियमात नाही.

उतरताना सगळे म्हणतात, "चिअर्स, लव्ह."
रक्त कधी काही म्हणालं नव्हतं.
पहिल्या दिवशी मी एकेकाला नीट उत्तर देत बसले,
बस सहा मिनिटं लेट.
डॅरिल म्हणाला, नुसती मान हलवली तरी चालतं.
मला अजून जमत नाही.

काल शेवटच्या स्टॉपला, वर टेकडीवर, बस रिकामी.
वारा असा की आरसे थरथरत होते.
नियमाप्रमाणे सीटांमधून फिरले:
एक छत्री, बाळाचा एक मोजा.
तेव्हा लक्षात आलं, अंगठा हलतोय.
सकाळपासून मोजत होते मी चढणाऱ्यांना,
कुणी सांगितलं नसताना.
सत्त्याण्णव, की अठ्ठ्याण्णव, मध्ये कुठेतरी चुकले.

निघताना एक माणूस दिसला, कुत्र्यासकट,
स्टॉपपासून बराच लांब,
हात करावा की करू नये अशा विचारात.
थांबायचं नसतं तिथे. थांबले. दार उघडलं.
दोघंही ओले, दोघंही म्हातारे, दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

दोन स्टॉप पुढे त्याने बटण दाबलं. टिंग.

कुत्रा मोजायचा की नाही,
ते अजून ठरवलेलं नाही.