साडेनऊ

हिऊमा बेटावर नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
एन्नो आधी करवतीचा प्लग उपसतो,
मग तोंड उघडतो.

"डोकं आधी आपल्याकडे ओढ,
खाली टेकव, मग लाकडातून पुढे ढकल.
उलटं केलंस तर ती अंगावर चालून येईल."
फळी मागच्या पट्टीला घट्ट. हातमोजे नकोत:
लोकरीचा एक धागा पुरतो तिला
अख्खा हात मागून घ्यायला.

बुधवारी पातं उतरवून राळ धुवायची,
कोमट पाण्यात पाइनचा वास सुटतो.
बोल्ट उलट्या आट्याचा. पहिल्या वेळी मी
सोडवतेय समजून आवळतच बसले,
तो शांतपणे चहा पीत राहिला.
रुळांना तेल नाही, कोरडं फडकं;
तेलाला भुसा धरतो.
गुण्या लाव. केसभर उजेड दिसला तरी पुन्हा.

कापून झालं की बटण सोडायचं,
डोकं खालीच धरून
पातं थांबेपर्यंत मोजायचं.
एन्नो बोटांवर मोजतो: आठ, नऊ, साडेनऊ.
उरलेलं पेर त्र्याण्णव साली गेलं,
वीतभर तुकडा उचलताना.
"जळणातच जायचा होता तो."

आज शेवटची फळी माझी.
बटण सुटलं. तुकडा पात्याशेजारी थरथरत पडलेला,
आणि हात निघालाच होता माझा,
टेबलावरचा चुरा टिपावा तसा.

थांबले. मोजलं.
आठ, नऊ, साडेनऊ—

"पुढे," तो दारातून म्हणाला,
"तुझं अजून अर्धं बाकी आहे."