नळाचा दिवस

सेलूत आमच्या गल्लीला नळ नवव्या दिवशी.
आठवडा सातांचा, हे मी
पोरीच्या पुस्तकापुरतंच मानते.

वाकळ, चादरी, गणवेश: नवव्याला.
दळण आठव्याला, डिगांबरच्या गिरणीची लाईट
साडेदहाला जायच्या आत.
भेंडी रात्रीच चिरून ठेवायची.
टिपाड घासायचं ते शेवटच्या तांब्यात.

नसीमबी भिंतीवर लाटणं आपटते: सुटला.
मी दोनदा आपटते: ऐकलं.
सहा वर्षं एवढंच बोलणं.

परवा तीनला उठून बसले, पदर खोचून.
नळानं नुसती फुस्स हवा सोडली.
चार. साडेचार.
स्टेशनाकडं पाईप फुटला म्हणे.
बाकीचं सगळं तर कालच उरकलेलं.
एवढी रिकामी पहाट
कुठं ठेवावी, कळेना.

नसीमबी ओट्यावर आली, लाटणं हातातच.
"चायपुरतं पाणी हाय."
साखर मी नेली.
तिच्या चार बहिणी, धाकटी मानवतला दिलेली,
दमेकरी, पण हसायला लागली की थांबत नाही,
हे मला तवा कळलं.
वाकळेचा ढीग तसाच. दूधवाला येऊन गेला.

आज नळ सुटला.
तिनं तीनदा आपटलं.
तिसऱ्याचं काय ते विचारायचंय,
हंडे भरले की.