नऊ छेद एकवीस

चित्राखाली डाव्या कोपऱ्यात
शिसपेन्सिलीनं लिहिलंय ९/२१,
मधोमध 'जिनिंग, रात्रपाळी',
उजवीकडं मुनीर सरांची सही,
शेवटचा र लांबवलेला,
हजेरीपटावर लांबवायचे तसाच.

मी सातवीत होतो.
परभणीच्या दुकानातून उरलेलं लिनोलियम
सरांनी सायकलला बांधून सेलूला आणलं.
म्हणाले, कोरशील ते पांढरं, ठेवशील ते काळं.
आणि उलटं कोर, सुलटं आपोआप उमटतं.
तेवढं वाक्य घेऊन मी वीज मंडळात लागलो.

मीटर वाचायला मान वर करावी लागते.
मीटरच्या शेजारी भिंत असते,
भिंतीवर काय काय असतं.
मानवत रोडला हॉटेलात चार नंबर सापडला,
तळणाच्या वाफेनं आरपार दिसणारा.
बदल्यात नवं कॅलेंडर दिलं, वर दोन प्लेट भजी खाल्ली.
सात नंबर पाथरीत आरशाच्या पाठीला पुठ्ठा म्हणून ठोकलेला,
न्हाव्यानं आरसा आधी पुसून दाखवला, मग उलटा केला.
अकरा घुगे पोस्टमास्तरांकडं. ते देत नाहीत.
दर दसऱ्याला जातो, सोनं देतो,
चहा होईपर्यंत बघू देतात.

बायको म्हणते, एकच चित्र कितींदा आणूलालाव?
एकच नाही गं.
चारमध्ये शाई दाट, बाईच्या कपाळावर उजेडच नाही.
तेरात कागद हलला,
सरकीच्या ढिगाला दोन दोन कडा.
आणि नवात हा बघ, कापसाचा खरा तंतू,
शाई ओली असताना जिनातून उडत आला
आणि राहिला.
ती वाकून बघते. मग म्हणते,
मी बी रोज येगळीच असते की,
मला कधी लावलं का काचत?

चौदापासून पुढं काही नाही.
वहीत एकवीस घरं आखलेली,
शेवटची आठ कोरी.
पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरात विचारलं,
जालन्याच्या भंगारात दोन दिवस बसलो,
रद्दीवाल्यांना नंबर देऊन ठेवला.
पुण्याहून एका गॅलरीवाल्याचा फोन आला,
संच पूर्ण असेल तर बोलू.

शेवटी जिंतूरला गेलो, सफियाआपांकडं.
आधी का गेलो नाही, माहीत नाही.
मयतीला गेलो नव्हतो, म्हणून असेल.
त्यांनी पेटीतून ठसा काढला, मलमलीत गुंडाळलेला.
बाई तीच, पाट्या त्याच, सगळं उलटं,
आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत
पटाशीचे दोन खोल ओरखडे.
अपूर्णांकात खालच्या आकड्याला छेद म्हणतात,
हे सरांनीच शिकवलं होतं,
गणिताचे गुरुजी रजेवर असताना.

इक्कीस कां के, मियां, आपा म्हणाल्या,
तेरा छापे. सियाहीच खतम हुई.
नंबर पैलेच लिख को रखे थे सब पे,
बोले तनखा हुई तो लाता.
तनखा हुई, बच्ची की फीस हुई.
फिर एक दिन बैठ को ठप्पा काट दिये.
मैं बोली, आठ बाकी है ना?
बोले, कम चलता. ज्यादा नै चलता.

त्यांनी आठ कोरे कागदही दाखवले.
खाली अंक, नाव, सही. वर काहीच नाही.
मी मागितले नाहीत. त्यांनी दिले नाहीत.

परतीच्या एसटीत वही मांडीवर होती.
त्या आठ घरांवर फुली मारावी असं वाटलं,
पण रस्ता असा, की रेघ सरळ आली नसती.

घरी येऊन पुण्याला फोन लावला.
विकायचं नव्हतं, कुणाला तरी सांगायचं होतं.
म्हणालो, संच पूर्ण आहे.
बारा माझ्याकडं, एक घुगे मास्तरांच्या भिंतीवर.
तो म्हणाला, पण खाली तर एकवीस लिहिलंय.
हो, म्हणालो,
ते पगाराच्या आधी लिहिलेलं.