मधला भाग

मार्च उजाडला की ही बस पुन्हा शाळेची.
पण कार्निव्हलची जोडून सुट्टी आली, शनिवार ते मंगळवार,
की तीच बस तोंडं रंगवलेल्या सतरा गवयांची होते.
सीटांवर चमकी सांडते (ती पुढे जूनपर्यंत
पोरांच्या चड्ड्यांना चिकटून घरोघर जाते),
आरशाला कुणाच्या तरी टोपीचं पीस,
आणि मागच्या बाकावर ऐसपैस, ढोल.

मोन्तेविदेओत एका रात्री चार मंच, कधी पाच.
ला तेहाहून सेर्रो, सेर्रोहून पार मालवीन.
मंडळी उतरतात, मी बस वळवायला जातो.
गल्ली अरुंद, त्यात सॉसेजवाल्याची गाडी आडवी.
तिच्या धुरातून मागे, अजून मागे, थांब, थांब,
असा निम्मा कार्यक्रम रिव्हर्समध्येच जातो.

म्हणून सुरुवात मला ठाऊक आहे:
सतरा गळे एकदम उघडतात,
पत्र्यावर पत्रा घासावा तसे, आणि तरी गोड.
शेवटही ठाऊक आहे. निरोपाचं गाणं
मी इंजिन चालू ठेवूनच ऐकतो,
कारण गात गातच ते लोकांमधून खाली येतात
आणि शेवटच्या ओळीला पहिल्याचा पाय पायरीवर असतो.
मधलं मला माहीत नाही.
बावीस वर्षं.

मधलं नेलिदाकडे असतं.
ती पुढच्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर,
काखेत कडू चहाचा थर्मास.
पहाटे स्वयंपाकघरात, बूट हातात घेऊन,
ती मला मधलं गाऊन दाखवते.
आवाज म्हणजे बिजागरी. पण शब्द पक्के:
मंत्र्याची खिल्ली, मटणाचा भाव,
हरलेली फायनल.
आणि यंदा, शनिवारी, एक कडवं ड्रायव्हरचं:

   अख्ख्या शहराला गाण्यापाशी नेऊन सोडतो
   आणि आपण फाटकाशी उभा,
   दुसऱ्यांच्या लग्नात घोडे धरून.

मी हसलो. मग झोप लागली नाही.
पोरांनी माझ्यावर लिहिलं!
रविवारी मी ताशेवाल्या विल्मारसाठी दोन मिनिटं थांबलो,
ज्याला एरवी शिव्या घालतो.
सोमवारी इस्त्रीचा शर्ट घातला.
कुणी काही बोललं नाही. म्हटलं, लाजत असतील.

मंगळवारी मालवीनला पाऊस.
मंच भिजला, वायरी भिजल्या, कार्यक्रम रद्द.
खुर्च्या एकीत एक जाऊन बसल्या.
बस निलगिरीखाली उभी, काचांवर वाफ,
गवयांचे रंग गालांवरून कॉलरमध्ये उतरलेले.
नेलिदा तिकडे खिडकीवर, तिकिटाच्या पैशांसाठी भांडत.
मग गुआल्बेर्तोने, खर्जातल्या, पुटपुटत सुरू केलं
आणि एकेक करून सगळे.
ढोल नाही, सीटच्या पाठीवर बोटं.

मला कुठेच वळायचं नव्हतं.
किल्ली मुठीत धरून बसलो.
मंत्री आला.
मटण आलं.
फायनल हरली.
मी शर्ट सारखा केला, ड्रायव्हरची वाट पाहिली.
निरोपाचं गाणं आलं.

नेलिदा चढली, केस पिळत.
"पैसे मार्चमध्ये देणार म्हणे. मेले! इथे काय चाललं होतं?"
"काही नाही," मी म्हटलं. "बसले होते आपले."
मागे विल्मारने माझ्याकडे पाहिलं, मग काचेकडे.

घरी चार वाजले. तिने बूट काढले.
पावसाची एक धार अजून पन्हाळीतून पडत होती.
म्हटलं, शनिवारचं मधलं पुन्हा म्हण ना,
नीट लक्षात राहिलं नाही.
तिने थर्मास टेबलावर ठेवला,
जरा वेळ माझ्या शर्टाकडे पाहत राहिली,
आणि बिजागरी उघडली.

मंत्री, मटण, फायनल.
ड्रायव्हरला या वेळी एक ओळ जास्त होती.

ती मी इथे सांगत नाही.